इंग्रजीचे 'रन' आणि आपले 'चालणे'

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात मुदखेड येथे केलेले भाषण)



सत्कार आटोपल्यावर एखाद्या निवृत्त शिक्षकास उभे करून 'दोन शब्द' बोलावयास सांगावे, अशी आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. आम्ही आज दोन शब्दांची मुभा घेणार नाही, एकाच शब्दावर भागवणार आहोत. तो शब्द इंग्रजी आहे. आर, यू, एन अशी तीनच अक्षरे त्यात आहेत, आणि येथे बसलेल्या पाचवीच्या मुलासही तो येतो. तो शब्द म्हणजे 'रन'. येतो असे आम्ही म्हटले खरे, पण तो कितपत येतो, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही पालक आम्हांस एक प्रश्न वरचेवर विचारीत आले आहेत. "गुरुजी, पोराचे इंग्रजी पक्के व्हावे म्हणून कोणती डिक्शनरी घ्यावी?" या प्रश्नामागे एक समजूत असते. इंग्रजी म्हणजे अवघड शब्दांचा ढीग. जितके लांब शब्द पाठ, तितके इंग्रजी पक्के. आमचा अनुभव याच्या उलट आहे. लांब शब्द बहुधा सरळमार्गी असतात. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द कोठेही भेटला तरी त्याचा अर्थ एकच, प्रकाशसंश्लेषण. एकदा पाठ केला की जन्मभर दगा देत नाही. दगा देतात ते हे तीन-चार अक्षरांचे चिमुकले शब्द. रन, सेट, पुट, टेक, गेट, मेक. वर्गातला ढ मुलगाही त्यांना ओळखतो, आणि पदवीधरही त्यांच्यापाशी अडखळतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा दाखला देतो. त्याचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि संपूर्ण कोश 1928 साली पुरा झाला. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट' या शब्दाची होती. तिच्यात सुमारे 430 अर्थ होते आणि ती लिहावयास 60,000 शब्द लागले होते. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली, तेव्हा 'सेट'ला मागे टाकून 'रन' पहिला आला. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने या एका शब्दावर नऊ महिने काम केले आणि केवळ क्रियापद म्हणून त्याचे 645 अर्थ नोंदले. ही गोष्ट 2011 साली जगासमोर आली. आपल्या मुलांच्या खिशातील कोशात 'रन' पुढे 'धावणे, पळणे' एवढेच असते. फार झाले तर क्रिकेटमधील 'धाव'. उरलेले सहाशेहून अधिक अर्थ खिशात मावत नाहीत.

या कोशाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या शिंपी समाजाच्या व्यासपीठावर शोभते. कोशाचे थोर संपादक जेम्स मरे हे स्कॉटलंडमधील डेनहोम नावाच्या खेड्यात 1837 साली एका शिंप्याच्या घरी जन्मले. घरच्या परिस्थितीमुळे चौदाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली. ते पुढे शिक्षक झाले, आणि 1879 पासून 1915 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी या कोशाचे काम केले. इंग्रजी भाषेचे मोजमाप घेण्याचे काम एका शिंप्याच्या मुलाने केले, हे आजच्या सत्कारमूर्तींनी ध्यानात ठेवावे.

आता मूळ विषयाकडे येऊ. 'हिज फादर रन्स अ शॉप' असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहीत असू. वर्गातून हमखास उत्तर येई, "त्याचे वडील दुकान धावतात." सारा वर्ग हसे. परंतु हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वहीत तेच लिहिलेले असे. त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. कोशाने त्यांना धावणे सांगितले, त्यांनी दुकानास धावावयास लावले.

वर्गातील चूक वर्गात राहिली तर तिचे नुकसान एका गुणाचे. पण शाळेबाहेर हीच चूक महाग पडते. आपल्याच समाजातील एका मुलाची हकिकत आम्ही त्याच्याच तोंडून ऐकली आहे. त्याचे नाव व गाव येथे सांगत नाही. पदविका चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन तो पुण्यास मुलाखतीला गेला. वडील काय करतात, असे विचारताच त्याने "टेलर, सर. ही हॅज अ शॉप" असे बरोबर सांगितले. वडिलांचे वय झाले असेल असे समजून साहेबांनी पुढे विचारले, "हू रन्स द शॉप नाऊ?" मुलगा गोंधळला. वडील तर दिवसभर मशीनवर बसलेले असतात, मग दुकानात धावतो कोण? तो म्हणाला, "नो वन, सर." साहेबांनी हळहळ व्यक्त केली आणि घर कशावर चालते याची चौकशी केली. ती हळहळ कशाबद्दल होती, हे त्या मुलास परतीच्या गाडीत उमगले. नोकरी त्या एका उत्तराने गेली, असे आम्ही म्हणणार नाही. तिला इतरही कारणे असतील. पण तीस वर्षे चालू असलेले बापाचे दुकान आपण स्वतःच्या तोंडाने बंद केले, हे त्याच्या मनास फार लागले. त्याच्या वडिलांनी त्याच मशीनवर त्याची फी भरली होती.

त्याच्या तोंडी बरोबर उत्तर यावयास किती कमी पुरले असते, हे पाहा. आपण मराठीत काय म्हणतो? दुकान कोण चालवतो? घड्याळ चालते, मशीन चालते, शाळा चालते, खटला चालतो, नाडी चालते, संसार चालतो. एखादी रीत घराण्यात पूर्वापार चालत आलेली असते. यांतील घड्याळास पाय नाहीत, खटल्यास पाय नाहीत, आणि संसारास तर नाहीतच. तरी 'घड्याळ चालते' हे ऐकून आपल्या तीन वर्षांच्या नातवासही ते भिंतीवरून उतरून चालू लागेल असे वाटत नाही. आपल्या 'चालण्या'च्या जागी इंग्रज 'धावणे' घालतो, एवढाच काय तो फरक. इंग्रजाचे दुकान धावते, आपले चालते. ज्या मुलास 'दुकान चालते' हे कळते, त्यास 'रन्स अ शॉप' हे अर्ध्या मिनिटात कळावयास हवे. कळत नाही, कारण इंग्रजीच्या तासाला मराठी बाहेर ठेवून आत यावे, असे आपण त्यास शिकवले आहे.

हिंदी-उर्दूतही तेच 'चलना' आहे. आपल्या वडिलांच्या पिढीस हे सांगावे लागले नसते. 1948 पर्यंत निजामी राजवटीत येथील दरबारी भाषा उर्दू होती, आणि थोडेफार शिकलेला माणूस म्हणजे उर्दू शिकलेला माणूस. इंग्रजी आमच्या वाट्यास पाचवीपासून आली. पुढे 2000 साली महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. पाचवीपासून शिकलेल्या शिक्षकाने पहिलीच्या मुलास शिकवावे, आणि घरी विचारण्यास कोणी नसावे, अशी ती अवस्था होती. उर्दू शिकलेला आजोबा, मराठी शिकलेला बाप आणि इंग्रजी शिकणारा नातू, अशी तीन भाषांची घरे आपल्या भागात पुष्कळ निघतील. म्हणून घरात बोलली जाणारी भाषाच मुलाच्या मदतीस आणली पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

कोणी विचारील की, धावण्याचा आणि नाक गळण्याचा काय संबंध? कारण इंग्रजीत नाकही 'रन' होते आणि नळही 'रन' होतो. संबंध जुना आहे. 'रन'च्या मुळाशी जो जुना शब्द आहे, त्यात पळणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ होते. त्याचा जर्मन भाऊबंद 'रिनेन' याचा अर्थ आजही वाहणे असाच आहे. तेव्हा पाणी 'रन' होते, हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही तेच घडले आहे. संस्कृतातील 'द्रु' धातूचा अर्थ धावणे, आणि त्याच धातूपासून 'द्रव' म्हणजे पातळ पदार्थ. 'सृ' धातूचा अर्थ सरकणे, धावणे, वाहणे. त्यापासून 'सरिता' म्हणजे नदी. त्याच 'सृ'पासून आपले मराठी 'सरणे' आले. "तेल सरलं", "पीठ सरलं" असे आपल्या घरातील बायका रोज म्हणतात. आता इंग्रजीत तेल संपले तर काय म्हणतात? 'वुई हॅव रन आऊट ऑफ ऑइल'. म्हणजे धावत धावत, वाहत वाहत बाहेर गेले, सरले. दोन भाषांत हजारो कोसांचे अंतर, पण दोघींच्या स्वयंपाकघरातील तेल एकाच वाटेने संपले. हे जेव्हा आम्ही प्रथम वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरसावून बसली.

क्रिकेटमधील 'रन आऊट' वेगळा. त्यास आपण धावबाद म्हणतो, आणि तो मुलांना शिकवावा लागत नाही.

आता आपल्या धंद्याकडे वळू. कपड्यावर कच्चे टाके घालताना सुई खाली-वर करीत सरळ पुढे नेली जाते, त्या टाक्यास आपण धावदोरा म्हणतो. इंग्रजीत त्याचे नाव 'रनिंग स्टिच'. येथे मात्र आपणही चालण्याचे सोडून धावू लागलो. हे नाव इंग्रजीवरून आले की आपल्या कारागिरास स्वतःच सुचले, या वादात आम्ही पडत नाही. दोरा पळतो हे डोळ्यांनी दिसतेच. धुण्यात कापडाचा रंग जाऊन दुसऱ्या कापडास लागला, तर इंग्रजीत 'द कलर हॅज रन' म्हणतात. गिऱ्हाईक ही तक्रार घेऊन आले तर कोणीतरी पळून गेले असे समजू नये. आणि 'रन अप' ची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. 'रन अप अ ड्रेस' म्हणजे एखादा कपडा झटपट शिवून देणे, आणि 'रन अप अ बिल' म्हणजे उधारी चढवीत नेणे. आपल्या धंद्यात ही दोन्ही कामे एकाच गिऱ्हाइकामुळे होतात, हे इंग्रजास कसे कळले कोण जाणे!

मुदखेड हे जंक्शन आहे, तेव्हा रेल्वेचे उदाहरण घेतल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मार्गास आदिलाबादचा फाटा येथेच फुटतो. फलाटावर उभे राहून आपण सर्वांनी ती घोषणा ऐकली आहे. अमुक गाडी 'इज रनिंग लेट'. गाडी वाटेत कोठेतरी सिग्नलला उभी असते, प्रवासी खाली उतरून चहा पीत असतात, तरी ती 'रनिंग' असते, कारण येथे रनिंगचा अर्थ धावणे नसून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे जाणे-येणे असा आहे. रविवारी बस 'रन' होत नाही म्हणजे ती हळू जाते असे नव्हे, ती सुटतच नाही. रेल्वेत 'रनिंग रूम' नावाची एक जागा असते. चालक व गार्ड यांना रनिंग स्टाफ म्हणतात, म्हणून त्यांच्या विश्रांतीच्या जागेस हे नाव. त्या खोलीत धावण्यास मनाई आहे की नाही, आम्हांस ठाऊक नाही; सर्व जण तेथे झोपतात एवढे खरे. मुदखेडहून भोकरकडे जाणारा रस्ताही इंग्रजीत धावतो. आपण 'रस्ता जातो' म्हणतो. वस्तुतः रस्ता जागचा हलत नाही आणि जातो तो माणूस, पण याबाबतीत दोन्ही भाषा सारख्याच असत्य बोलतात.

निवडणुकीविषयी मंडळाच्या व्यासपीठावर बोलू नये असा दंडक आहे. आम्ही फक्त क्रियापदापुरते बोलतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. इंग्लंडात तो 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. आपल्याकडे तो उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही. एकच गोष्ट एक जण धावून करतो, दुसरा उभा राहून, आणि तिसरा लढून. यावरून भाषांतर म्हणजे शब्दास शब्द ठेवणे नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ओळखावे.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. 'रन म्हणजे चालणे' अशी नवी पाटी लिहून जुनी पुसून टाकाल, तर पुन्हा फसाल. आपण दिवसातून पन्नास वेळा "चालेल" म्हणतो. ते इंग्रजीत 'इट विल रन' होत नाही, 'इट विल डू' होते. "माझे डोके चालत नाही" याचे भाषांतर 'माय हेड डज नॉट रन' असे कराल, तर ऐकणाऱ्यास तुमचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे वाटेल! 'चालू माणूस' आणि 'चालू खाते' यांतील चालूपणा वेगवेगळा आहे, आणि दोहोंतही 'रन' नाही. उलट अंगाने, इंग्रजी 'रन' जेथे जेथे येतो तेथे मराठीने निरनिराळी माणसे कामास ठेवली आहेत. नाक गळते, रंग जातो, विहीर आटते, तेल सरते, ताप चढतो, बॅटरी उतरते, धोका पत्करला जातो. इंग्रजाने एकाच गड्याकडून सर्व कामे करून घेतली, आपण प्रत्येक कामास वेगळा गडी ठेवला.

पण म्हणून आपली भाषा या बाबतीत अगदी निष्पाप आहे असे समजू नका. परका माणूस मराठी शिकू लागला की त्यास आपले 'लागणे' आडवे येते. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, आंबा गोड लागतो, वाटेत नदी लागते, आणि एखादे बोलणे मनास लागते. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठी-इंग्रजी कोश करून 1831 साली प्रसिद्ध केला, आणि 1857 साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. 'लागणे' व 'चालणे' यांच्या नोंदी करताना त्यास आपली मुले 'रन' पुढे बसतात तसेच बसावे लागले असेल. फरक इतकाच की, तो एक अर्थ लिहून थांबला नाही.

'रन'च्या शेपटीस लागणाऱ्या छोट्या अव्ययांचे प्रकरण मोठे आहे, आणि परीक्षेत गुण जातात ते तेथेच. सर्व सांगत बसलो तर जेवणे लांबतील. 'रन अवे' म्हणजे पळून जाणे, हे ठीक. पण 'आय रॅन इन्टू माय टीचर' म्हणजे विद्यार्थी गुरुजींच्या अंगात शिरला असे नव्हे, अचानक गाठ पडली असे. 'रन ओव्हर' मात्र गंभीर, गाडीखाली सापडणे. वर्तमानपत्रात हे शब्द आले आणि आपल्या ओळखीचे नाव शेजारी असले, तर ते बरोबर वाचता यावेत. 'रन डाऊन' घर असेल तर मोडकळीस आलेले, माणूस असेल तर थकलेला, आणि कोणी कोणास 'रन डाऊन' करीत असेल तर ती निंदा. हल्ली मुले मोबाइलवर "ॲप रन होत नाही" असे म्हणतात. त्यांस 'रन'चा एक नवा अर्थ कोणी न शिकवता आला, याकडे आम्ही पालकांचे लक्ष वेधतो. तो त्यांनी कोशातून घेतला नाही. वस्तू हातात होती, शब्द कानावर होता, आणि अर्थ आपोआप बसला.

ऑग्डेन नावाच्या एका इंग्रज विद्वानाने 1930 साली परकीयांसाठी सोपी इंग्रजी तयार केली. तिच्यात अवघे 850 शब्द घेतले आणि त्यांत क्रियापदे फक्त 18. कल्पना चांगली होती. परंतु सारे ओझे त्या अठरा क्रियापदांवर पडले. शब्द कमी केले म्हणून अर्थ कमी होत नाहीत. ते उरलेल्या शब्दांत जाऊन बसतात. तेव्हा थोड्या शब्दांचे इंग्रजी सोपे असते, या जाहिरातींस पालकांनी भुलू नये.

आमची पद्धत साधी आहे. 'रन' हा शब्द वहीत एकटा लिहावयाचा नाही. मराठी मुलगी पाहावयास जातो तेव्हा तिचे घराणे, आईबाप, मामा, सारे विचारतो. शब्दाचेही तसेच करावे. तो कोणाबरोबर आला आहे, दुकानाबरोबर, नळाबरोबर की तापाबरोबर, हे पाहून पूर्ण वाक्यच लिहून घ्यावे. त्या खाली, हे आपल्या आईने कसे म्हटले असते, ते लिहावे. पुस्तकात कसे छापले असते ते नव्हे. 'द वेल हॅज रन ड्राय' खाली 'विहीर शुष्क झाली' असे एका मुलाने लिहून आणले होते. आम्ही त्यास विचारले, तुझी आजी काय म्हणते? तो म्हणाला, "हिर आटली." आम्ही तेच लिहावयास सांगितले, आणि त्याच्याखाली प्रमाण भाषेतील 'विहीर आटली' हेही. त्या मुलास ते वाक्य पुन्हा कधी अडले नाही.

हे काम एकट्या शाळेकडून होणारे नाही, म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवून खाली बसतो. मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी वह्या वाटल्या जातात. यंदा आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलास एक जादा वही द्यावी, आणि दिवाळीच्या सुटीत दहा दिवस रोज एक तास आम्हांस मुले द्यावीत. रोज एक क्रियापद घेऊ. पहिल्या दिवशी 'रन', दुसऱ्या दिवशी 'सेट', मग 'टेक', 'पुट', 'गेट' असे. जागा म्हणून आमच्या घराची ओसरी आहे. फळा आमच्याकडे आहे, खडूही आहेत. मुलींनाही अवश्य पाठवावे. आणि ज्या आईस किंवा आजीस वेळ असेल तिनेही येऊन बसावे, कारण त्या वहीतील दुसरी ओळ तिच्याकडूनच लिहून घ्यावयाची आहे.